दारातली चप्पल

घरमालक बंटीभाऊंचा फोन आला तेव्हा मी मनीषनगरला एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत टेपचं एक टोक धरून उभी होते. दुसरं टोक साइटच्या सुपरवायझरकडे होतं, त्यामुळे फोन उचलायला हात मोकळा नव्हता. तो वाजून थांबला, पुन्हा वाजला. शेवटी उचलला तर बंटीभाऊ म्हणाले, "प्रज्ञा, कुठी आहे तू? किल्ली घेऊन ये बरं लवकर. मावशी दार उघडून नाही राहिली." मी म्हटलं, आतच असतील, डोळा लागला असेल. "आत तं असनच ना वं," ते म्हणाले, "मावशी बाहेर कधी राहते?" ऑटोने धंतोलीला पोहोचेपर्यंत मी किल्ली मुठीत धरून होते. दार उघडलं. बंटीभाऊ ज्यांना मावशी म्हणतात त्या आमच्या मॅडम गोल बाल्कनीच्या खोलीत वेताच्या खुर्चीत होत्या, चष्मा डोळ्यांवर, मांडीवर रविवारची पुरवणी. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास झाला नसेल. मला लिहायला संकोच वाटतो, पण खरं तेच लिहिते. रडू नंतर आलं. पहिला विचार मनात आला तो असा, की आता घरात कोण बसणार?

यमुना खेडीकर मॅडमना जाऊन आता काही आठवडे झाले. त्यांच्याविषयी कोणीतरी लिहावं असं त्यांचे जुने विद्यार्थी म्हणत होते, आणि मग तेच म्हणाले की तू लिही, शेवटी त्यांच्याजवळ तूच राहत होतीस. मी लिहिणारी नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात आहेत, आई घरी शिवणकाम करते. वास्तुकलेच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा बाबांनी शेजाऱ्यांना सांगितलं, पोरगी घरं बांधायचं शिकून राहिली, आणि शेजारी म्हणाले, त्याले कॉलेज कायले पाह्यजे? मॅडम निवृत्त झाल्यावर मी कॉलेजात आले, त्यामुळे वर्गात त्यांना मी कधी ऐकलं नाही. पण त्यांच्या गोष्टी मोठ्या मुलांकडून ऐकल्या होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची वास्तुकला शिकवावी तर खेडीकर मॅडमनी. युरोप-अमेरिकेतल्या इमारतींचे जिने, खिडक्यांची प्रमाणं, कोपरे, सगळं त्या खडूने फळ्यावर असं काढायच्या की त्या तिथेच लहानाच्या मोठ्या झाल्या असं वाटावं. आणि त्याच मॅडम कॉलेजच्या एकाही सहलीला गेल्या नव्हत्या. मुंबईलासुद्धा नाही. मुलं म्हणायची, मॅडमनी घरात सोनं पुरून ठेवलंय.

मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले ती अभ्यासासाठी. दुसऱ्या वर्षाला एक काम असतं, जुनं घर टेपने मोजायचं आणि जसं आहे तसं कागदावर काढायचं. सरांनी मला धंतोलीतलं हे घर दिलं. गेल्या शतकातल्या तिशीच्या आसपासचं, दोन मजली, समोर अर्धगोल बाल्कनी, तिच्यावरून पळत गेलेले सिमेंटचे तीन पट्टे, जिन्याच्या भिंतीत जहाजाला असतात तशा गोल खिडक्या आणि फाटकाच्या जाळीत उगवता सूर्य. फाटकाच्या दगडावर वास्तुविशारदाचं नाव कोरलंय, पण ते अर्धं झिजलंय. शेवटची अक्षरं तेवढी वाचता येतात. खाली घरमालकांचं कुटुंब, म्हणजे बंटीभाऊ, त्यांची बायको आणि आई. वर भाडेकरू, म्हणजे मॅडम. मी जिना चढून गेले तर दारात चपलांचे दोन जोड होते, म्हणून मला वाटलं आत पाहुणे आहेत. आत मॅडम एकट्याच होत्या. "ती तपकिरी दाराची चप्पल," त्या म्हणाल्या. मला कळलं नाही. त्यांनी ती उचलून तळवा दाखवला. तळवा कोरा होता, दुकानातून आणल्यासारखा. "ही घालायची नसते. ही फक्त बाहेर असते. मी घरात असो की नसो, कोणीतरी आहे असं दिसलं पाहिजे."

का, ते मी विचारलं नाही. नंतर तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. मॅडम शाळेत असताना त्यांच्या वडिलांनी हा मजला भाड्याने घेतला. एकदा सगळं घर वर्ध्याला लग्नाला गेलं, आणि परत आलं तेव्हा दारावर दुसरंच कुलूप होतं. बंटीभाऊंच्या आजोबांना वरचा मजला हवा होता. पाहुण्यांच्या घरचे लाडू हातात घेऊन सगळे रस्त्यावर उभे... पोलीस, पंच, आरडाओरडा होऊन कुलूप निघालं, पण त्या दिवसापासून कोर्टात दावा लागला आणि वडिलांनी नियम केला, की घर रिकामं सोडायचं नाही. कोणी ना कोणी आत पाहिजेच. मॅडम कॉलेजात शिकल्या तेव्हा आई घरी बसायची. नोकरी लागली तेव्हाही आईच. आई गेल्यावर दिवसा एक बाई येऊन बसायच्या आणि संध्याकाळी मॅडम आल्या की जायच्या. धाकटा भाऊ पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. लग्नाचं एकदा जमत आलं होतं, त्यांनीच सांगितलं, भाजी निवडता निवडता, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट. "मुलगा जबलपूरचा होता. मी विचारलं, तुम्ही इकडे येऊन राहाल का? तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे."

मोजणी संपेपर्यंत मी त्यांच्याकडेच राहायला लागले होते. मला रोज बुटीबोरीहून येणं-जाणं जड जात होतं आणि त्यांना घरात माणूस हवं होतं. आईला मी सांगितलं, मॅडमना सोबत लागते. आई म्हणाली, "राह्य ना मंग. पण इतल्या मोठ्या घरात एकटी बाई काहून राह्यते वं?" मी म्हटलं, ते घर त्यांना सोडता येत नाही. आईला ते कळलं नाही, आणि तेव्हा मलाही पुरतं कळलं नव्हतं. दोन महिन्यांत माझंही तसंच होऊन गेलं. मॅडम बँकेत जायच्या तर मी थांबायची. मी सीताबर्डीला कागद आणायला निघाले की त्या विचारायच्या, किती वेळ? मैत्रिणी फुटाळ्याच्या तलावावर बोलवायच्या, मी नाही म्हणायची. चिडचिड व्हायची, पण बोलून दाखवायचा धीर नव्हता. आणि एक सांगते, संध्याकाळी त्या शिकवायला लागल्या की चिडचिड राहायची नाही. "आधी भिंत छप्पर उचलायची," त्या म्हणायच्या, "म्हणून ती जागची हलू शकत नव्हती. मग लोखंड आणि सिमेंटचे खांब आले. छप्पर खांबांनी उचललं आणि भिंत सुटली. त्या पिढीच्या वास्तुविशारदांना केवढा आनंद झाला असेल, विचार कर! भिंत हवी तिथे घ्या, नको तिथे काढून टाका. म्हणून तर त्यांनी घरं जहाजासारखी केली. त्यांना वाटायचं, घर म्हणजे कुठेतरी निघालेली वस्तू." मी गोल खिडकीकडे बघितलं. बाहेर बंटीभाऊंच्या टाकीचा पाइप दिसत होता. मी विचारलं, "मॅडम, तुम्ही समुद्र बघितलाय?" त्या म्हणाल्या, "नाही. या जहाजाने तरी कुठे बघितलाय?"

माझ्या हातून एक चूक झाली नसती तर पुढचं काही घडलं नसतं. या घराच्या फरशीला सगळ्या खोल्यांत भिंतीलगत काळ्या मोझेकचा पट्टा आहे. तो भिंतीबरोबर फिरतो आणि दार आलं की थांबतो. मी नकाशात तो पट्टा घरातल्या मागच्या बोळातही सरळ ओढला होता. मॅडमनी कागद बघितला आणि विचारलं, "इथे कपाट आहे. ते सरकवलंस?" मी म्हटलं, नाही, पण पट्टा मागे तसाच जात असेल ना... "असेल नको. दिसेल ते काढ. असायला हवं ते काढायचं नाही." ते लोखंडी कपाट त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून तिथेच होतं. आम्ही दोघींनी ते ढकललं, पाय घासून फरशीवर ओरखडे उठले. मागे भिंत होती, सरळ, चुना लावलेली. पण खाली काळा पट्टा तुटला होता. एका दाराच्या रुंदीएवढा तुटला होता आणि पुढे पुन्हा सुरू होत होता. मॅडम खाली वाकल्या, बोटाने पट्ट्याचं टोक चाचपलं. मग उठून भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक केलं. आजूबाजूची भिंत मुकी होती, मधली बोलत होती. जगातल्या इतक्या घरांचे नकाशे पाठ असलेल्या बाई, आपल्याच घराचं एक दार त्यांना माहीत नव्हतं.

त्याचा उलगडा बंटीभाऊंकडून झाला. मी खाली अंगण मोजत होते, ते मोटारसायकल पुसत होते. मी सहज विचारलं, मागच्या बाजूला कधी जिना होता का? "मले का मालूम?" ते म्हणाले, "म्या पैदा झालो तवापासून तं कोर्टाची तारीखच पाहून राहिलो. पण अमरावतीले जाऊन पाह्य ना. माह्या आजीच्या भावानं डिट्टो असंच घर बांधलं होतं. एकच नकाशा, फकस्त उलटा. पण लवकर जाजो, माहे मामा पाडून राहिले ते आता." मी वर धावत गेले. मॅडम ऐकून घेत होत्या आणि त्यांचे कान लाल होत होते. जुळं घर आहे हे त्यांनी लहानपणी ऐकलं होतं, पण ते अजून उभं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. "तू जा आणि फोटो काढून आण," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही जा. मी बसते." त्या माझ्याकडे बघत राहिल्या, जसं कोणी फार मोठी वस्तू देऊ करावी आणि ती घ्यावी की नाही ते कळू नये... दोन दिवस त्या नाही म्हणत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी डबा भरला.

त्या रविवारी सकाळी त्या निघाल्या. त्यांच्या पायांचा आवाज जिन्यावरून उतरत गेला, फाटक वाजलं आणि मी आतून कडी लावली. थोड्या वेळाने केर काढायला दार उघडलं तर दारात त्यांची रोजची काळी चप्पल. तपकिरी नव्हती. घाईत त्या दाराची चप्पल घालून गेल्या होत्या! मला हसू आलं आणि भीतीही वाटली. त्यांचा फोन बसमधून आला, मग पुन्हा आला. "आहेस ना?" मी म्हणायची, आहे मॅडम. "दाराशी कोणी आलं नाही ना?" नाही मॅडम. दुपारी मात्र बंटीभाऊ वर आले. मी दार किलकिलं केलं.

"मावशी कुठी आहे?"

"आंघोळीला गेल्यात."

"बापा! सकाळपासून आंघोळच करून राहिली? न्हाणीत नाग नदी सोडली काय वं?"

मी दार आणखी ओढून घेतलं. ते हसायला लागले. "काहून घाबरून राहिली? माह्या मामाचा फोन आल्ता अमरावतीहून. मावशी पोहोचली, चहा पिऊन राहिली म्हणे. हे घे, आईनं सांडगे देल्ले." मी वाटी घेतली. आणि मग, कसं कोण जाणे, विचारलंच. भाऊ, तुम्हाला माहीत होतं तर तुम्ही... कुलूप... "कायचं कुलूप?" ते म्हणाले, "ते माह्या आजोबानं लावलं होतं एकडाव. त्याले मरून जमाना झाला. अन् म्या कुलूप लावून करू काय? वकील पहिले माह्याच मागं लागन. मले हे घर दुरुस्त नाही करता येत, विकता नाही येत. मावशी वर अडकली, आमी खाली अडकलो." ते दोन पायऱ्या उतरले आणि वळून म्हणाले, "मावशीले सांगू नको बरं म्या आल्तो म्हणून. उगीच टेन्शन घेईन."

मॅडम अंधार पडायच्या आत परत आल्या. पायाला फोड आले होते, नव्या चपलेचे. त्या चपलेचा तळवा पहिल्यांदा मळला होता. पण त्यांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. पाणीसुद्धा न पिता त्या सांगायला लागल्या. सगळं तेच घर, पण उलटं. दिवा लावायला हात गेला की तिथे बटण नाही. बाल्कनीतून सूर्य भलत्याच बाजूला. "आरशात शिरल्यासारखं वाटलं गं. आणि मागच्या बोळात, जिथे आपलं कपाट आहे ना, तिथे हिरवं दार. बंटीच्या मामांनी उघडून दिलं. बाहेर लोखंडी गोल जिना, खाली गल्लीत उतरणारा. मी उतरले. कठडा हलत होता, तरी उतरले. आणि गल्लीत उभी राहिले. कोणाला कळलंच नाही मी बाहेर आले ते!" त्या हसत होत्या, डोळ्यांत पाणी होतं. "प्रज्ञा, मला आयुष्यभर वाटत होतं हे घर एका दाराचं आहे. आराखडा काढणाऱ्या माणसाने दोन दारं दिली होती." थोड्या वेळाने पायाला हळद लावता लावता त्यांनी विचारलं, "बंटी वर आला होता?"

मला खोटं बोलता आलं असतं. बंटीभाऊंनीही तेच सांगितलं होतं. पण त्या इतक्या आनंदात होत्या, मला वाटलं, हे कळलं तर अजून सुटल्यासारखं वाटेल त्यांना. मी सांगितलं. त्यांना माहीत होतं, मॅडम. त्यांनी काही केलं नाही. ते काही करणारही नव्हते. सांडग्यांची वाटी पुढे केली. मॅडम त्या वाटीकडे बघत राहिल्या. "म्हणजे कुलूप लागणारच नव्हतं," त्या म्हणाल्या. पुढे म्हणाल्या, "मग मी काय करत बसले होते?" मी वाटी आत नेऊन ठेवली.

त्यानंतर काही दिवसांनी मी नकाशा पक्का करायला घेतला. जे पूर्वी होतं आणि आता नाही, ते नकाशात तुटक रेघेने काढतात. मी दार आणि जिना तुटक रेघेने काढला. मॅडमना विचारलं, जिन्याला नाव काय देऊ? "सेवा-जिना लिही, मी फळ्यावर तेच लिहायची," त्या म्हणाल्या. मी पेन्सिल धरून बसले. आमच्या सरांनी शिकवलं होतं की त्या काळच्या घरांत मागचा जिना कशासाठी असायचा. संडास साफ करणाऱ्या माणसाचे पाय घरातल्या फरशीला लागू नयेत, म्हणून. पुढे फ्लशचे संडास आले, त्या माणसाचं काम संपलं, म्हणून ते दारही बुजवलं असणार. मी भीत भीत म्हटलं, "मॅडम, आमच्या घरी ते काम कोणी केलं नाही. पण माझे पणजोबा तेव्हा इथे काही कामाने आले असते, तर पुढच्या जिन्याने त्यांना वर येऊ दिलं नसतं." बोलून गेल्यावर वाटलं, आता मॅडम रागावतील. त्या रागावल्या नाहीत. चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या. म्हणाल्या, "मी त्या जिन्यावरून उतरताना इतकी खूश होते, की तो कोणासाठी केला होता ते एकदाही मनात आलं नाही. मला तर ते ठाऊक होतं... जे होतं तेच नाव लिही." मी लिहिलं, सफाई करणाऱ्याचा जिना. अक्षर थोडं वाकडं आलं. त्यांनी ते खोडू दिलं नाही.

मॅडमना ती भिंत उघडायची होती. जिना नसला तरी चालेल, नुसतं दार हवं होतं. त्या खाली जाऊन बंटीभाऊंशी बोलल्या, माझ्या माहितीत पहिल्यांदाच. ते म्हणाले, "फोडा ना मावशी, म्या कुठी नाही म्हणतो? म्याच माणूस आणून देतो." मग दोघांनी आपापल्या वकिलांना फोन केला आणि दोन्ही वकील एकच बोलले. कोर्टाचा हुकूम आहे, घर जैसे थे ठेवायचं. खिळाही ठोकायचा नाही. म्हणून मॅडमनी माझ्या नकाशाची प्रत त्या भिंतीवर चिकटपट्टीने लावली, बरोबर जिथे दार असायला हवं तिथे. उकाड्यात चिकटपट्टी सुटायची आणि कागद खाली पडायचा. त्या पुन्हा लावायच्या.

मला वाटलं होतं, आता त्या बाहेर पडतील. भीतीचं कारणच उरलं नव्हतं. मी म्हणायची, मॅडम, मुंबईला जाऊ या. समुद्रासमोर अशाच गोल बाल्कन्यांची ओळच्या ओळ आहे, तुम्हीच तर सांगता. त्या म्हणायच्या, हो, पाऊस संपला की. मग म्हणायच्या, थंडी कमी झाली की. माझं शेवटचं वर्ष आलं, मनीषनगरला कामाचा अनुभव घ्यायला जाऊ लागले. सकाळी निघताना त्या दारात उभ्या राहून म्हणायच्या, "जा तू. मी आहे घरी." एकदा मी धीर करून विचारलं, मॅडम, आता कशासाठी थांबता? "मी गेले आणि परत आले, आणि खरंच कोणीच कुलूप लावलेलं नसलं..." एवढंच म्हणाल्या. भिंतीवरचा कागद पुन्हा सुटला होता, तो लावायला उठल्या.

त्या गेल्या त्या दिवशी संध्याकाळी पुण्याहून त्यांचे धाकटे भाऊ आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे घाटावर निघाले. त्या अरुंद वळणाच्या जिन्यावरून उतरवताना पुढचा खांदा बंटीभाऊंचा होता आणि ते सारखे म्हणत होते, "हळू गा, हळू, मावशीले धक्का नको." मी जिन्यात उभी होते. ते मला म्हणाले, "तू बस घरी. कोणी तरी पाह्यजे." आणि मी बसले. मॅडम त्या घरातून कायमच्या बाहेर जात होत्या आणि मी आतून कडी लावून बसले होते, जसं त्यांनी शिकवलं होतं. त्यांच्या भावांनी मला काही दिवस तिथेच राहायला सांगितलं, मी लगेच हो म्हटलं. पुढे एका दुपारी तेच आले, खाली बंटीभाऊंकडे चहाला बसले आणि कप खाली ठेवायच्या आत दावा मिटला. "मला कुठे राहायचंय इथे?" ते म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही. फक्त ते इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. मला म्हणाले, आठवण म्हणून घरातलं हवं ते घे. मी तपकिरी चप्पल घेतली. त्यांना वाटलं मी संकोच करते आहे, म्हणून पुस्तकंही घे म्हणाले.

दिवाळीनंतर घर पाडणार आहेत. "ते मागची भिंत फोडतो तवा तुले फोन करतो," असं बंटीभाऊ म्हणाले आहेत. जायचं की नाही ते मी ठरवलेलं नाही. मी सध्या बुटीबोरीला, आमच्या दोन खोल्यांत. परवा शेजारच्या वस्तीत नात्यातलं लग्न होतं. आई-बाबा तयार होऊन बाहेर उभे होते, आई कुलूप घेऊन. मी आत पलंगावर बसून होते. मी म्हटलं, "तुम्ही जा, मी आहे घरी."

"काहून वं? तब्येत नाही बरी?"

"तसं नाही. घर रिकामं..."

"आपल्या घरातून कोण काय नेईन?" आई म्हणाली. "शिलाई मशीन? ते तं मलेच उचलत नाही." बाबा हसले. मीही हसले, पण उठता येत नव्हतं. आई आत आली, माझ्या शेजारी बसली. मग तिने माझा हात धरला आणि मी उठले. बाबांनी कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं. आम्ही चार पावलं गेलो असू. मी मागे वळले, खांद्यावरच्या पिशवीत तेव्हापासून पडून असलेली ती तपकिरी चप्पल काढली आणि दारात सरळ मांडून ठेवली. तळव्याला अमरावतीची थोडी माती अजून आहे.

"कोणाची होय वं ते?" आईने विचारलं. "आत ठेव, कोणी नेईन उचलून."

"राहू दे आई," मी म्हटलं. "मॅडमची आहे."

आई थांबली. दाराकडे बघितलं, मग वाकून एक चप्पल जरा तिरकी झाली होती ती सरळ केली, आणि आम्ही निघालो.